नऊ किलोमीटर लेर

१

माझ्या सासऱ्यांना, ओब्रादना, दोन गोष्टींचा अभिमान होता. एक त्यांच्या आलुबुखाराच्या झाडांचा, आणि दुसरा म्हणजे सेदलोच्या खिंडीपासून खाली आमच्या गावापर्यंतचे नऊ किलोमीटर ते पेट्रोलचा थेंब न जाळता उतरतात, याचा. खिंडीचा माथा आला की ओब्राद गिअरच्या दांड्याला करंगळीने हलका धक्का द्यायचे आणि गाडी लेरमध्ये जायची. न्यूट्रलला आमच्याकडे लेर म्हणतात, आणि त्यांच्या पिढीतला प्रत्येक बाप्या लेरमध्येच डोंगर उतरतो. "चढाचं पेट्रोल मी भरतो, उताराचं देव भरतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. स्वारी फारच खुशीत असली तर किल्ली मागे फिरवून इंजिनही बंद करायची.

मी प्रियेपोल्येच्या तांत्रिक शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. शिकवणाऱ्याची खोड कुठे जाते? एकदा मी त्यांना कागदावर आकडे मांडून दाखवले, की गाडी गिअरमध्ये ठेवून नुसता पाय काढला तर आजकालच्या इंजिनात पेट्रोल आपोआप बंद होतं, लेरमध्ये मात्र ते जळत राहतं, आणि वर ब्रेक तापतात ते वेगळंच. त्यांनी कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "मास्तर, कागद सपाट असतो. रस्ता नसतो."

माझी बायको ल्युबिंका त्यांची एकुलती एक मुलगी. अकरा वर्षांपूर्वी ती त्यांच्या शेजारी बसून उतरत असताना ब्रेक तापून निकामी झाले आणि गाडी एका गवताच्या गंजीत घुसली. कोणाला खरचटलं नाही. पण त्या दिवसापासून तिने बापाच्या गाडीत पाय ठेवला नाही. "तिसऱ्या गिअरमध्ये उतरायचं कबूल करा, मग बसते," ती म्हणायची. ते हसायचे. दोघंही हट्टी, एकाच माळेचे मणी.

गेल्या नोव्हेंबरात त्यांनी खिंडीवरच्या आपल्या घरातून सकाळी फोन केला. छातीत दुखतंय, वर ये, दवाखान्यात जाऊ दोघं. ही म्हणाली, "ताता, मी रुग्णवाहिका पाठवते, गाडीला हात लावू नका." त्यांनी फोन ठेवला. रुग्णवाहिका वर पोचायच्या आत गाडी खाली आलेली होती. उतार संपतो तिथे झऱ्यापाशी रस्त्याकडेला नीट उभी, हातब्रेक ओढलेला, इंजिन बंद, दांडा लेरमध्ये. ते स्टिअरिंगपाशी बसलेले होते, आणि गेलेले होते.

चाळीस दिवस गाडी अंगणात उभी राहिली. चाळिसाव्या दिवशी रीतीप्रमाणे थडग्यापाशी जेवण झालं, राकीया, म्हणजे आलुबुखाराची दारू, ओतून झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून ती गाडी ल्युबिंका चालवायला लागली. ती घरोघरी जाणारी परिचारिका आहे. वरच्या वाड्यांमधल्या म्हाताऱ्यांना सुया टोचायच्या, जखमा बांधायच्या. गाडीशिवाय तिचं चालत नाही.

२

सुरुवात एका दिव्यापासून झाली. चालकासमोरचा तो पिवळा, इंजिनाच्या चित्राचा दिवा कधी लागायचा, कधी विझायचा. आमच्या गल्लीतल्या सेनाद मेस्त्रींनी त्यांचं यंत्र लावून पाहिलं, दोष काही निघाला नाही. मी म्हटलं, मीच विचारतो इंजिनाला.

हे काही अवघड नसतं. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर, सोळा भोकांचं एक सॉकेट असतं. मेस्त्री आपलं यंत्र तिथेच खुपसतो. त्यातल्या दोन पिळलेल्या तारांवरून इंजिनाचा संगणक बोलतो, एका भोकात कायम बॅटरीची वीज असते. मुलांच्या प्रदर्शनातून उरलेलं एक मायक्रोकंट्रोलरचं बोर्ड माझ्याकडे होतं, काड्यापेटीएवढं. त्याला दोन तारा जोडल्या, एक मेमरी कार्ड लावलं, आणि दर सेकंदाला दोन प्रश्न विचारायला शिकवलं. इंजिनाचे फेरे किती? वेग किती? इंजिन दोन अंकांत उत्तर देतं. पहिल्याला दोनशे छप्पन्नने गुणायचं, दुसरा मिळवायचा, चारने भागायचं. झाले फेरे.

आठवडाभराने कार्ड काढून संगणकात घातलं तेव्हा दिवा विसरलोच.

प्रत्येक गाडीत फेरे आणि वेग यांचं एक प्रमाण असतं. या गाडीच्या तिसऱ्या गिअरमध्ये ताशी दर किलोमीटर वेगाला मिनिटाला अठ्ठेचाळीस फेरे. चाळीसला एकोणीसशेवीस, साठला दोन हजार आठशेऐंशी. आकडे पाहून कुठला गिअर आहे ते आंधळाही सांगेल. चढावर सगळं बरोबर होतं. पण परतीच्या वाटेवर, खिंडीचा माथा ओलांडला की फेरे आठशेवर यायचे आणि तिथेच राहायचे. वेग मात्र पन्नास, पंचावन्न, साठ. नऊ किलोमीटर. सहाच्या सहा दिवशी.

संध्याकाळी ती हात धूत असताना मी म्हटलं, "बापाला अकरा वर्षं छळलंस, आणि आता स्वतः लेरमध्ये उतरतेस होय गं?"

"कोण?"

"तू. रोज. इंजिन सांगतंय."

तिने टॉवेलने एकेक बोट पुसलं. "मिलोये, मी तिसऱ्यात उतरते. माथ्यावर टाकते आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर. हे तू मला विचारतोयस?"

"मी नाही विचारत, आकडे…"

"मग तुझ्या आकड्यांनाच वाढ जेवायला," ती म्हणाली आणि खरंच आत निघून गेली. मला ते फार लागलं. बावीस वर्षांत मी तिला खोटं बोलताना पाहिलं नव्हतं.

३

म्हणून मी माझ्याच कामावर संशय घेतला. हा माझा धंदाच आहे. मुलांना मी रोज सांगतो, यंत्र वेड्यासारखं वागलं तर आधी स्वतः केलेलं सोल्डरिंग पाहा.

सगळे जोड पुन्हा सोल्डर केले. गुणाकार-भागाकार तपासला. बोर्ड दुसरं लावलं, कार्ड दुसरं, तारा नव्या. आमच्या शाळेतल्या रसायनशास्त्राच्या बाईंच्या गाडीला दोन दिवस तेच बोर्ड लावून पाहिलं. चढ असो की उतार, प्रत्येक आकडा घड्याळासारखा चोख. मग परत आमच्या गाडीला लावलं.

पुन्हा तेच. नाही, तेच नाही. गुरुवारच्या उतारावर सहाव्या किलोमीटरला फेरे आठशेवरून शून्यावर आले होते. वेग अठ्ठावन्न. पुढचे तीन किलोमीटर, झऱ्याच्या वळणापर्यंत, शून्य. इंजिनाचा संगणक जागा होता, उत्तर देत होता, म्हणजे किल्ली पूर्ण मागे गेलेली नव्हती. कोणीतरी इंजिन बंद करून किल्ली पुन्हा एक घर पुढे केली होती, स्टिअरिंग अडकू नये म्हणून. हे करायला सवय लागते. असं करणारा मी आयुष्यात एकच माणूस पाहिला आहे.

मी हे तिला सांगितलं नाही. फक्त विचारलं, "गुरुवारी उतरताना गाडी बंद पडली का गं?"

"नाही. का?"

"सहज."

ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "खरं सांगू? वर जाताना नकोसं वाटतं. तातांचं घर दिसतं ना बंद. पण उतरताना बरं असतं. उतारावर मला एकटं वाटत नाही."

ती कांदा चिरत होती, डोळे भरलेले होते ते कांद्याने असावेत.

४

शनिवारी मी तिच्याबरोबर गेलो. मांडीवर संगणक, त्याची तार गुडघ्याखालून सॉकेटपर्यंत. वर जाऊन तिने चार घरं केली. स्ताना म्हातारीच्या पायाची जखम बांधली, म्हातारीने आम्हाला कॉफी आणि गुलाबाच्या पाकळ्यांचा मुरांबा दिला. दुपारी एकच्या सुमाराला आम्ही माथ्यावर आलो. ऊन पडलेलं होतं, रस्त्याच्या कडेला बर्फाच्या मळकट पट्ट्या उरल्या होत्या.

"बघ हं," ती म्हणाली. क्लच दाबला, दांडा तिसऱ्यात टाकला, क्लच सोडला. इंजिन गुरगुरलं, गाडी आवरल्यासारखी झाली. तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. "टाकला का तिसरा?"

"टाकला."

"लिही मग तुझ्या वहीत."

पडद्यावर आठशेदहा.

मी दांड्याकडे पाहिलं. तो तिसऱ्यात होता. मी त्यावर तळहात ठेवला, तो थरथरत होता, गिअरमध्ये असलेल्या दांड्यासारखा. कान देऊन ऐकलं. साठच्या वेगाला तीन हजारांच्या आसपास फेऱ्यांचा तो भरीव आवाज मला चांगला ओळखीचा आहे. तोच होता. आणि पडद्यावर आठशे, सातशेनव्वद, आठशेपाच.

"काय म्हणतोय तुझा साक्षीदार?" तिने विचारलं.

"खोटं बोलतोय," मी म्हणालो, आणि मला इतकं हायसं वाटलं की मी हसलो. बायको खरी, यंत्र खोटं. यापेक्षा चांगला निकाल कुठला? सहाव्या किलोमीटरला पडद्यावर शून्य आलं तेव्हाही मी हसतच होतो, कारण इंजिन माझ्या कानाशी गर्जत होतं.

झऱ्यापाशी पाणी प्यायला थांबलो. मी दार उघडलं तर नाकात एक वास शिरला, करपलेल्या केसांसारखा.

"कोणीतरी पाला जाळतंय," ल्युबिंका म्हणाली.

मी वाकून पुढच्या चाकाच्या भोकातून आतल्या ब्रेकला बोट लावलं आणि झटक्यात बाहेर काढलं. बोटाला फोड आला.

५

सेनाद मेस्त्रींनी चाक काढलं, ब्रेकच्या पट्ट्या काढून हातात उलटसुलट केल्या आणि कपडा टाकून बाकावर बसले.

"डिसेंबरात नव्या टाकल्या होत्या मी," ते म्हणाले. "वहिनींसाठी. मार्च चालू आहे. मास्तर, कोण उतरतंय लेरमध्ये?"

"कोणी नाही."

"मला नका शिकवू. वीस वर्षं मी ओब्रादकाकांचे ब्रेक बदललेत. काका वळणाच्या फार आधी दाबायचे, सोडायचे, परत दाबायचे. डावी बाजू आधी जायची, आणि ती पण अशी, तिरपी." त्यांनी पट्टी उजेडात धरली. "दहा गाड्यांच्या पट्ट्या एकात मिसळा, मी काकांची काढून देतो. ही काकांची आहे."

"ते नोव्हेंबरात गेले, मेस्त्री."

"माहीत आहे. मी खांदा दिला होता," सेनाद म्हणाले. नव्या पट्ट्या टाकल्या, पैसे घेतले नाहीत.

मी घरी चालत आलो, कारण मला विचार करायचा होता. पट्ट्या खोटं बोलत नाहीत, त्यांना बोलताच येत नाही. पट्ट्या झिजल्या होत्या म्हणजे गाडी खरोखर लेरमध्ये उतरली होती. म्हणजे बोर्ड पहिल्या दिवसापासून खरं सांगत होतं. मग शनिवारी माझ्या कानांनी काय ऐकलं? माझ्या तळहाताखाली काय थरथरत होतं? मी तो दांडा तिसऱ्यात पाहिला होता. डोळ्यांनी, दिवसाढवळ्या. बावन्न वर्षांत मला कधी वाटली नव्हती अशी भीती तेव्हा वाटली. अंधाराची किंवा मढ्याची नव्हे. माझे डोळे, कान आणि हात तिघंही कोणीतरी सांगेल तसं बोलतात, याची.

६

मी तिला सगळं सांगितलं. गाडी वापरू नकोस म्हणालो. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि स्तानाबाईंचा पाय? इन्सुलिनवाले दोघं? तू जाशील बांधायला?"

"दुसरी गाडी बघू."

"बघ. मिळेपर्यंत मी जाते. ब्रेक नवे आहेत, तूच म्हणालास." मग माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "मिलोये, ते मला काही करणार नाहीत रे."

ते म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. किल्ली लपवायला हवी होती, चाकांतली हवा काढायला हवी होती. त्याऐवजी मी काय केलं? बोर्डाला फोनचं कार्ड बसवलं, म्हणजे आकडे दर सेकंदाला माझ्या फोनवर दिसतील. मोजलं की गोष्ट ताब्यात येते, अशी माझी आयुष्यभराची समजूत. शहाणा माणूस जेव्हा मूर्खपणा करतो तेव्हा तो असा, सगळी हत्यारं नीट मांडून करतो.

तीन दिवस मी शिक्षकांच्या खोलीत फोन पुढ्यात घेऊन बसलो. तीन दिवस आठशे, मग शून्य. दर दिवशी शून्य थोडं लवकर येत होतं. सहाव्या किलोमीटरला, चौथ्याला, दुसऱ्याला. आणि दर दिवशी वेग दोन-तीनने जास्त.

चौथ्या दिवशी, मधल्या सुट्टीत, माथ्यावरच शून्य आलं. वेग एक्केचाळीस, पन्नास, एकसष्ट. तिथे वळण आहे. तिथे ती कधीच पस्तीसच्या वर जात नाही. अडुसष्ट.

मी फोन लावला. तिने लगेच उचलला, तो समोरच्या पकडीत असतो.

"ल्युबा, ब्रेक दाब."

"दाबतेय थोडा थोडा. काय झालं? तिसऱ्यात आहे मी, गाडी कशी आवरून चाललीय. ऐकू येतंय ना इंजिन?"

मी फोन कानाला चिकटवला. मला वारा ऐकू येत होता. टायरांचा डांबरावरचा आवाज ऐकू येत होता. मागच्या सीटवरच्या तिच्या बाटल्या एकमेकींवर किणकिणत होत्या. इंजिन नव्हतं. फोनला कोणी फसवलेलं नव्हतं.

"येतंय ना?" ती पुन्हा म्हणाली.

चौऱ्याहत्तर. इंजिन बंद असलं की ब्रेक दोन-तीनदाच चालतो, मग पायाखाली दगड होतो. ती थोडा थोडा दाबत होती. तिला 'लेरमधून काढ' म्हणून उपयोग नव्हता, तिच्या लेखी ती लेरमध्ये नव्हतीच. मी वर्गात बोलतो त्या आवाजात म्हणालो, "ल्युबा, वाद नको. क्लच दाब. दुसरा टाक. क्लच हळू सोड. आत्ता."

"दुसरा? या वेगाला?"

"टाक!"

एक सेकंद. फोनमधून एक हिसका ऐकू आला, बाटल्या फुटल्या, आणि मग, त्या फोनवर पहिल्यांदाच, इंजिन किंचाळलं. आकडा शून्यावरून साडेपाच हजारांवर उडाला. वेग साठ, बेचाळीस, एकोणीस. शून्य.

शिक्षकांच्या खोलीत सगळे माझ्याकडे पाहत होते. मी उभा होतो आणि माझा चहा सांडला होता.

"थांबलीस?"

"थांबले." तिला धाप लागली होती. "मिलोये, आवाज… आवाज एकदम बदलला. आधीचा गेला आणि दुसराच आला."

"हातब्रेक ओढ. किल्ली काढ. फोन घे आणि उतर. रस्त्याच्या कडेला उभी राहा, मी येतो."

मी एकेक आवाज ऐकला. हातब्रेकची करकर. किल्ली. दार. बुटांखाली खडी.

"उतरले. किल्ली माझ्या हातात आहे." मग थोडं थांबून, "नको ना रे असं ओरडू त्यांच्यासमोर."

७

रसायनशास्त्राच्या बाईंनी न विचारताच गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. मी दारापर्यंत पोचलो असेन, तेव्हा फोनमधून ती करकर पुन्हा ऐकू आली. हातब्रेक खाली जातानाची.

"ल्युबा?"

"गाडी सरकतेय," ती म्हणाली. घाबरलेली नव्हती. एखाद्याला निघताना पाहून म्हणावं तशी म्हणाली.

पडद्यावर वेग दोन. किल्ली तिच्या मुठीत होती, इंजिनाचा संगणक झोपलेला असायला हवा होता, तो कोणालाच उत्तर देणार नव्हता. वेग चार. सहा.

"जाऊ दे तिला. बाजूला हो. ल्युबा, गाडी गेली तर जाऊ दे!"

"एकटेच गेले होते ते, मिलोये," ती म्हणाली. "मी नाही म्हटलं आणि एकटेच गेले."

खडीवर धावणारे बूट. एक दार उघडलं. दार मिटलं. मग फोन कुठेतरी पडला असावा, कारण तो बंद झाला.

मी शाळेच्या पायऱ्यांवर उभा राहून आकडे पाहिले. वेग अकरा, वीस, चौतीस. फेरे शून्य. पुढचं वळण आलं असेल. एक्केचाळीस. मी देवाचं नाव घेतलं, जे मी घेत नाही. सेहेचाळीस. शून्य. आणि मग, खालच्या रकान्यात, दोन हजार दोनशेआठ.

मी मनातल्या मनात भागाकार केला. अठ्ठेचाळीस.

चाळीस, एकोणीसशेवीस. छत्तीस, सतराशे अठ्ठावीस. वळणांवर बत्तीस, सरळ भागात पन्नास. बंद इंजिनाची, किल्ली नसलेली गाडी तिसऱ्या गिअरमध्ये जवळजवळ नऊ किलोमीटर उतरली, अशी जपून की वर्गात आदर्श आलेख म्हणून फळ्यावर काढावी. ती चालवतेय, मी स्वतःला सांगितलं. ती आत चढली, तिने स्टिअरिंग धरलं, ती चालवतेय. तिसऱ्यात तीच उतरते. हेच सांगत मी बाईंची गाडी पिटाळली.

झऱ्यापाशी ती उभी होती. गाडी. रस्त्याकडेला, नीट, सरळ.

ल्युबिंका शेजारच्या सीटवर बसली होती. चालकाच्या नव्हे, शेजारच्या. पट्टा बांधलेला, हात मांडीवर, किल्ली मुठीत. मला पाहून तिने काच खाली केली.

"ऐकलं माझं त्यांनी," ती म्हणाली. "तिसऱ्यात आणली रे. अख्खा उतार."

"ल्युबा, उतर."

"किती सोपं होतं. शेजारी बसायचं फक्त."

मी तिच्या पलीकडे पाहिलं. पाहायचं नव्हतं. चालकाची सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे सरकवलेली होती, आणि त्या सीटचाही पट्टा ओढून खाली अडकवलेला होता. रिकाम्या सीटवर पट्टा सपाट बसतो. हा बसला नव्हता. सीटपासून हातभर पुढे तो ताणून उभा होता, आणि मी पाहत असताना तो थोडा सैल झाला, आणि पुन्हा ताणला गेला. आणि पुन्हा सैल झाला.

मी इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला. नव्या ब्रेकच्या चाकांवरही ठेवला. सगळं थंड होतं.

"उतर ना गं," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. नोव्हेंबरपासून मी तिचा चेहरा इतका निवांत पाहिला नव्हता, आणि त्या पट्ट्यापेक्षाही मला त्याचीच जास्त भीती वाटली. "घरी जाऊ म्हणतात. वरच्या घरी. चढ आहे, वेळ लागेल." तिने मान वळवून क्षणभर काहीतरी ऐकलं आणि हसली. "तू पण ये ना. मागे बस. किती वेळ ताटकळत ठेवणार त्यांना?"

मी दार उघडून तिला ओढून काढू शकलो असतो. तिचा पट्टा कापू शकलो असतो, खिशात चाकू होता. हे मला कोणी सांगायला नको, मी रोज स्वतःला सांगतो. पण मी ओढलं असतं तर ती उतरली असती का, हे मला माहीत नव्हतं, आणि तिला त्यांच्याबरोबर एकटीला तो चढ चढू देणं माझ्याने होणार नव्हतं.

मी मागचं दार उघडलं. सीटवर फुटलेल्या बाटल्यांच्या काचा होत्या, त्या हाताने बाजूला केल्या, आणि तिच्या पाठीमागे बसून तिच्या खांद्यावर घट्ट हात ठेवला.